कोथळीगडाचं दार आणि इगाचे शिनोबी

नोव्हेंबर १६८४. कोथळीगडाच्या दारापाशी माणसांचा एक जथा आला आणि हाका मारू लागला: दार उघडा, आपलीच मराठ्यांची माणसं आहोत, हत्यारांसाठी आलोय. गडावर संभाजी महाराजांच्या फौजेचा शस्त्रसाठा असे, त्यामुळे असं कुणी येणं नवलाचं नव्हतं. दार उघडलं गेलं आणि आत शिरली ती औरंगजेबाची माणसं. त्यांचा सरदार अब्दुल कादर. पायथ्याच्या काही लोकांना त्यानं आधीच फोडून ठेवलं होतं. गडावर झुंज झाली, दारूगोळ्याचं कोठार जळालं. गड परत मिळवण्यासाठी मराठ्यांनी जिवाचं रान केलं, त्या लढाईत नारोजी त्रिंबक आणि त्याचे सोबती कामी आले, पण गड हातचा गेला. बादशहाला त्याचं मोल इतकं वाटलं की त्यानं गडाला नवं नाव दिलं, मिफ्ताहुलफतह, म्हणजे विजयाची किल्ली.

हा गड बघायचा तर कर्जत तालुक्यातल्या कडावहून मुरबाडच्या रस्त्यानं कशेळ्यापर्यंत जायचं आणि तिथून सह्याद्रीच्या भिंतीकडे वळून आंबिवली गाठायची. आंबिवलीहून चढ लागतो तो पेठ गावापर्यंत. म्हणूनच कर्जतकडची माणसं याला पेठचा किल्ला म्हणतात. पेठच्या डोक्यावर कातळाचा एक सुळका उभा आहे आणि त्या सुळक्याच्या पोटातून जिना कोरून काढलेला आहे. इथं माणूस डोंगराच्या अंगावरून चढत नाही, त्याच्या आतून वर जातो. सुळक्याच्या पायाशी कोरीव खांबांची गुहा आणि पाण्याचं टाकं. असला गड तोफा लावून घ्यायला किती दिवस गेले असते देव जाणे. तो पडला एका खोट्या ओळखीनं आणि ओळखीच्या बोलीत मारलेल्या हाकेनं.

आता जरा आठ वर्षं मागे आणि काही हजार किलोमीटर पूर्वेला जाऊ. १६७६ साली जपानच्या इगा प्रांतात फुजिबायाशी यासुताके नावाच्या माणसानं 'बान्सेन्शूकाई' हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांना आज सगळं जग निन्जा म्हणतं आणि ज्यांना त्या काळी शिनोबी म्हणत, त्यांच्या विद्येचा हा सगळ्यांत मोठा ग्रंथ. त्यात सावायामा किल्ल्याची गोष्ट आहे. रोक्काकू घराण्याच्या दोदो नावाच्या सरदारानं बंड केलं आणि तो बिवा सरोवराजवळच्या सावायामा किल्ल्यात जाऊन बसला. रोक्काकूंनी वेढा घातला, दिवसांमागून दिवस गेले, किल्ला काही पडेना. मग त्यांनी इगाच्या तातेओका दोशुन या शिनोबीला बोलावलं. दोशुननं काय केलं? किल्ल्यातल्या लोकांचा एक कागदी कंदील पळवून आणला. त्यावर दोदो घराण्याचं चिन्ह होतं. तसेच हुबेहूब कंदील बनवून घेतले, ते आपल्या माणसांच्या हाती दिले आणि सगळी मिळून पन्नासाच्या आतली ती माणसं सरळ मोठ्या दारातून आत चालत गेली. कुणी हटकलं नाही. आत गेल्यावर त्यांनी ठिकठिकाणी आगी लावल्या. किल्ल्यातल्यांना वाटलं आपल्यातच फितुरी झाली, आणि त्या गोंधळात बाहेरच्या फौजेनं किल्ला घेतला.

तिथं कंदील, इथं हाक. इगातल्या कुणी सह्याद्रीचं नाव ऐकलेलं नव्हतं आणि अब्दुल कादरला इगा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी दोन्ही किल्ल्यांची दारं एकाच रीतीनं उघडली, आणि दोन्हीकडे ती उघडणारे हात पहारेकऱ्यांचे स्वतःचे होते. निन्जाचं मर्म शोधायचं तर ते मला इथंच दिसतं. पडद्यावरचा काळ्या कपड्यातला, कौलांवरून धावणारा, चांदणीच्या आकाराची पाती भिरकावणारा वीर क्षणभर बाजूला ठेवला, तर उरतो तो ओळखू न येणारा साधा माणूस. हा माणूस जपानात जितका खरा होता तितकाच आपल्या घाटवाटांवरही खरा होता, आणि तो जवळजवळ एकाच काळात दोन्हीकडे वावरत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काळ्या कपड्यांचं आधी निस्तरू. अंधारात माणूस काळाच पाहिजे असं आपल्याला वाटतं. जपानी काबुकी नाटकात रंगमंचावरचं सामान हलवणारे मदतनीस नखशिखान्त काळे कपडे घालतात आणि ते दिसतच नाहीत असं प्रेक्षकांनी धरून चालायचं असतं. त्या न दिसणाऱ्यांपैकीच एखाद्यानं अचानक खंजीर उपसला, की प्रेक्षक दचकणारच. निन्जाचा काळा पोशाख रंगभूमीवरून आणि चित्रांमधून असा रूढ झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. खऱ्या शिनोबीला काळा पोशाख परवडलाच नसता. दिवसाउजेडी तो घालून बाजारातून फिरणाऱ्याला पहिल्याच चौकीवर धरलं असतं.

मग तो काय घालत असे? शिनोबींच्या परंपरेत सात वेष सांगितले आहेत. डोकं झाकणारी टोपली घालून बासरी वाजवत फिरणारा कोमुसो, बौद्ध भिक्षू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, फिरता व्यापारी, रस्त्यावर कसरती दाखवणारा, सारुगाकू नाटकातला नट, आणि सातवा, माझ्या मते सगळ्यांत अवघड, साधासुधा माणूस, म्हणजे त्या त्या गावी जसे लोक असतील तसा. पहिल्या सहांत एक गोष्ट समान आहे: त्यांना कुठून आलास, कुठं चाललास असं कुणी विचारत नाही. फिरणं हाच त्यांचा धंदा. पण नुसता वेष घेऊन भागत नाही. बासरीवाल्याला बासरी आली पाहिजे, भिक्षूला सूत्रं म्हणता आली पाहिजेत, व्यापाऱ्याला मालाचे भाव तोंडपाठ हवेत.

मराठी वाचकाला ही यादी वाचताना बहिर्जी नाईक आठवल्याशिवाय राहत नाही. वासुदेव, गोसावी, फकीर, जोशी, भिकारी अशा नाना सोंगांत त्याला आपल्या लोककथांनी फिरवलं आहे. त्याची कागदोपत्री नोंद मात्र मोजकी. शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला जी बखर लिहिली, तीत बहिर्जी जाधव नाईक जासुदांचा प्रमुख म्हणून येतो. सुरत लुटली तर अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यानं आणली आणि १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत गाठली. जालन्याच्या मोहिमेवरून, १६७९ साली, लुटीनं जड झालेली फौज परतत असताना मोगलांनी गाठलं तेव्हा आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत, त्यानं सगळ्यांना पट्ट्याच्या किल्ल्यावर सुखरूप नेलं. बखरीतल्या या दोन प्रसंगांत बहिर्जी कुणाशी तलवार खेळत नाही. एकदा तो माहिती आणतो, एकदा वाट दाखवतो. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात आणि तिथं लोक आजही श्रद्धेनं जातात.

हेरांना सोंगं देण्याची रीत आपल्याकडे तर फारच जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे नऊ प्रकार आहेत. काही एका ठिकाणी राहणारे: विद्यार्थ्याच्या रूपातला कापटिक, संन्यास सोडलेला उदास्थित, शेतकऱ्याच्या रूपातला गृहपतिक, व्यापारी वैदेहक आणि जटाधारी तापस. काही फिरते: सत्री, जिवावर उदार तीक्ष्ण, विष घालणारा रसद आणि घरोघर जाणारी भिक्षुकी. तीन हेरांची खबर जुळली तरच ती खरी धरावी, असंही कौटिल्य बजावतो. जपानी शिनोबींनी प्रेरणा घेतली ती चीनच्या सुन त्झूकडून, ज्याच्या युद्धशास्त्राचं शेवटचं प्रकरण हेरांवर आहे. दोन वेगळ्या देशांतले दोन विचारवंत, आणि दोघांनीही हेरांमध्येच राज्याचे डोळे शोधले.

एक धागा मात्र खरोखरच भारतातून इगापर्यंत पोचला आहे. शिनोबी आणि सामुराई मारिशितेन या देवतेची उपासना करत. ही आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतली मारीची, किरणांची देवी. सूर्याच्या पुढं चालणारी, कुणाच्या नजरेस न पडणारी, कुणाच्या हाती न लागणारी. लपून काम करणाऱ्यांनी तिला आपली मानावं यात नवल नाही. निन्जा बोटं गुंफून ज्या मुद्रा करताना दिसतो, त्याही तांत्रिक बौद्ध साधनेतून आल्या. भारतातून चीनमध्ये गेलेली ही साधना कूकाई या भिक्षूनं ८०६ साली जपानात नेली. त्या मुद्रांबरोबर म्हणायचे नऊ शब्द मात्र चीनच्या ताओपंथी ग्रंथातले. मोहिमेवर निघालेला माणूस भीतीनं थरथरत असताना बोटांना आणि श्वासाला काम देणं, याचा उपयोग कळायला श्रद्धाही लागत नाही.

इगाचे लोक या कामात इतके तरबेज कसे झाले, याचं उत्तर नकाशात आहे. इगा म्हणजे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं खोरं, आजच्या मिए प्रांतात. डोंगराच्या पलीकडे शिगा प्रांतातलं कोका. राजधानी क्योटो जवळ, पण मध्ये खिंडी आणि जंगल. इथं कुणी एक बलाढ्य राजा नव्हता. गावोगावचे छोटे जमीनदार मातीचे बांध घातलेल्या गढ्यांमध्ये राहत, आपसांत भांडत, आणि बाहेरचा कुणी आला की एकत्र येत. दिवसा शेती, वेळप्रसंगी लढाई. आता कर्जतवरून घाट चढून वर जा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. प्रत्येक नदीचं एक खोरं, प्रत्येक खोऱ्याचा देशमुख, आपसांतली भांडणं, आणि भात लावणारेच हातात भाला घेणारे. हे साम्य वरवरचं नाही. मोठी सपाट, सुपीक जमीन असती तर तिथं मोठी घोडदळं उभी राहिली असती. अरुंद खोऱ्यांतल्या थोड्या माणसांना अंधार, झाडी, पाऊलवाट आणि शत्रूची खबर यांवरच लढाई बेतावी लागते.

१५७९ साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या मुलानं, नोबुकात्सूनं, बापाला न विचारता इगावर स्वारी केली. खिंडींतून फौज आत शिरू दिली गेली आणि मग अरुंद वाटांवर इगाच्या लोकांनी तिला झोडपून काढलं. नोबुनागा मुलावर इतका भडकला की त्याला खरमरीत पत्र लिहून त्यानं नातं तोडण्याची धमकी दिली.

या खिंडींची हकिकत वाचली की मला उंबरखिंड दिसू लागते. कडावहून दक्षिणेला, खोपोली ओलांडून पालीच्या रस्त्याला लागलं की आत चावणी गाव आहे, खालापूर तालुक्यातलं. तिथं अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीच्या लढाईचं स्मारक उभं आहे. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शायिस्ताखानानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात पाठवलं. बरोबर माहूरची रायबागन आणि अनेक मातबर सरदार. बोरघाटाची सरळ वाट टाकून फौज लोणावळ्याजवळून कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरू लागली. मराठ्यांना चकवण्याचा बेत होता. पण शिवाजी महाराजांना त्या फौजेच्या हालचालींची खबर पावलोपावली लागत होती.

कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ही लढाई रंगवली आहे, आणि ती वाचताना अंगाला घाम सुटतो. नळीसारखी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट रान, वाऱ्याची झुळूक नाही. घाट उतरून दमलेली फौज, हत्यारांचं आणि सामानाचं ओझं. रानात मराठे आहेत, पण दिसत नाहीत. फौज पुरी आत येईपर्यंत कुणी हललं नाही. इथंच सगळी करामत आहे. शेकडो माणसांनी तासन्‌तास गप्प बसणं, पाचोळा वाजू न देणं, कुणा उतावळ्याचा बाण आधी न सुटणं, ही शिस्त तलवारबाजीहून कितीतरी कठीण. शिनोबींच्या ग्रंथांत श्वास कसा आवरावा, पाय कसा उचलावा आणि टेकवावा, हाताच्या पंजांवर पाय ठेवत आवाज न करता कसं चालावं, याची पानंच्या पानं आहेत. आमच्या मावळ्यांनी ते कुठल्याही ग्रंथात लिहिलं नाही. रानात वाढलेल्या पायांना ते येत होतं.

२ फेब्रुवारी १६६१. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, आणि मग दोन्ही अंगांनी बाणांचा नि गोळ्यांचा मारा. नेताजी पालकरही या लढाईत होता. खालापूर तालुक्यातलं चौक हे त्याचं गाव म्हणून सांगतात, म्हणजे घरच्याच मैदानावर. तहानेनं जीव कासावीस झालेली मोगल फौज ना पुढं जाऊ शकत होती ना मागं. शेवटी रायबागननं कारतलबखानाला सुनावलं की सिंहाच्या रानात शिरलास हीच चूक, आता शरण जा आणि माणसं वाचव. खानाचा वकील महाराजांकडे गेला. महाराज घोड्यावर होते, अंगात चिलखत. अट एकच: सगळं सामान इथं टाका आणि निघून जा. फौज रिकाम्या हातानं परत गेली. कत्तल न करता मिळवलेला हा विजय मला फार थोर वाटतो.

दोन वर्षांनी, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, शायिस्ताखान राहत होता त्या लाल महालात जे झालं ते तर थेट बान्सेन्शूकाईच्या पानांत शोभलं असतं. मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो की मराठ्यांची एक टोळी लग्नाच्या वरातीचा परवाना काढून पुण्यात शिरली. दुसरी टोळी आपल्याच माणसांचे हात बांधून, त्यांना शिव्या देत, मारत, पकडलेले कैदी म्हणून घेऊन आली. पायाखालचा दगड हलावा तशी ही युक्ती, पहारेकऱ्याच्या मनातली खात्रीच काढून घेणारी. मग रात्री स्वयंपाकघराच्या बाजूची, विटा-मातीनं बुजवलेली खिडकी फोडून आत प्रवेश. नगारखान्यात शिरलेल्यांनी खानाचा हुकूम म्हणून नगारे वाजवायला लावले, म्हणजे किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत. शायिस्ताखान वाचला, बोटं गेली. १६७३ साली कोंडाजी फर्जंदनं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला तोही रात्रीच, कर्णे फुंकून मोठी फौज आल्याचा भास निर्माण करत.

लढण्याच्या हत्यारांबद्दल बोलायचं राहिलंच. निन्जा म्हटलं की पहिली आठवते ती चांदणी, शुरिकेन. पण बान्सेन्शूकाईत अवजारांची जी मोठी प्रकरणं आहेत ती चढण्याची, पाणी ओलांडण्याची, कुलपं-दारं उघडण्याची आणि आगीची. मारण्यापेक्षा आत जाणं आणि बाहेर येणं महत्त्वाचं. वाटेवर टाकायचे काटेरी गोखरू असत, पाठलाग करणाऱ्याच्या पायात रुतणारे. रोज जवळ बाळगायच्या सहा वस्तू तर इतक्या साध्या की कुणाच्याही झोळीत सापडाव्यात: गवती टोपी, आकडा बांधलेला दोर, दगडी लेखणी, औषध, तीन फूट कापड आणि विस्तव जपण्याची नळी. टोपीनं तोंड झाकतं, कापडानं पाणी गाळता येतं, जखम बांधता येते, भिंतही चढता येते. रंगवलेल्या तांदळाच्या दाण्यांनी निरोप ठेवण्याची रीत होती. पाच रंग, आणि रंगवलेले दाणे पाखरंही खात नाहीत अशी समजूत. मांजराच्या डोळ्यातल्या बाहुलीवरून वेळ ओळखण्याचा उपायही सांगितलेला आहे.

दंतकथा मात्र नेहमी वस्तूला धरून वाढते. बान्सेन्शूकाईत मिझुगुमो नावाचं लाकडी कड्याचं एक साधन चितारलं आहे. त्यावरून निन्जा ते पायांत घालून पाण्यावर चालत असे समजूत झाली. प्रयोग करून पाहणारे बुडाले. पायांत घालण्यापेक्षा त्यावर बसून तरंगणं किंवा चिखलातून जाणं हा त्याचा उपयोग असावा. आपल्या कोंढाण्याच्या कड्यावर तसंच घडलं. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे आणि त्याची माणसं कडा चढली. सभासद सांगतो की निवडक मावळे वानरासारखे चढून गेले. पण लोकांच्या मनात ठसली ती यशवंती घोरपड. घोरपडीला दोर बांधून माणूस चढणं हे पाण्यावर चालण्याइतकंच अवघड. काळोखात, उघड्या बोटांनी कातळाच्या भेगा चाचपत चढलेली माणसं मात्र खरी आहेत, आणि ती घोरपडीपेक्षा किती तरी अद्भुत आहेत.

नोबुनागानं १५८१ साली इगा सगळ्या बाजूंनी, प्रचंड फौजेनिशी चिरडलं, गावं जाळली. पुढच्याच वर्षी तो स्वतः क्योटोत फितुरीनं मेला आणि त्याचा दोस्त तोकुगावा इएयासू थोड्या सोबत्यांसह शत्रूच्या मुलखात अडकला. त्याला इगाच्या डोंगरातून घरी पोचवलं ते हात्तोरी हान्झोच्या शब्दावर आलेल्या इगा-कोकाच्या लोकांनी. आज जगातला सगळ्यांत प्रसिद्ध निन्जा समजला जाणारा हा हान्झो खरं तर इएयासूच्या पदरचा भालाईत सामुराई होता, इगाच्या वंशातला. त्या उपकाराची फेड म्हणून इगाच्या दोनशे माणसांना चाकरी मिळाली. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, राजवाड्याला हान्झोमोन नावाचं दार अजून आहे आणि त्या नावाची मेट्रोही धावते.

शिनोबी खरोखर कुठं अडत, हे १६३८ च्या हारा किल्ल्याच्या वेढ्यात दिसलं. क्यूशू बेटावरच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बंडाविरुद्ध कोकाचे काही शिनोबी नेले होते. त्यांनी खंदकाची खोली, तटाची उंची, वाटांची अवस्था मोजून नकाशा एदोला पाठवला. रात्री आतली धान्याची पोती पळवली. तटात शिरताना एकजण खड्ड्यात पडला, तर त्याला ओढून काढत, दगडांचा मार खात, शत्रूचं निशाण घेऊन आले. पण आतल्या लोकांत मिसळून खबर काढणं त्यांना जमलं नाही. क्यूशूची बोली कळेना आणि बंडखोरांचे ख्रिस्ती शब्द तर त्याहून अनोळखी. भिंत चढता आली, खंदक ओलांडता आला, बोली ओलांडता आली नाही. हेर कितीही कसलेला असो, तोंड उघडताक्षणी तो कुठला ते कळतं. कोथळीगड घेणाऱ्याला आधी पायथ्याची माणसं फोडावी लागली ती याचसाठी.

आणि कर्जतच्या रानात ही विद्या शिवकाळानंतर संपली नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला जन्मले. नाभिक घरातला हुशार मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि सावकारांच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यानं धान्यकोठ्या काढल्या, आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला. डोंगरात राहायचं, रात्री उतरायचं, मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे कापून पाडायचे आणि उजाडायच्या आत रानात नाहीसं व्हायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात त्यांनी असे अकरा ठिकाणचे मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने आणि रेल्वे त्यानं अडखळले. आधी उभ्या केलेल्या धान्यकोठ्या आणि शाळा यांमुळेच वाड्या-पाड्यांवर त्यांना भाकरी मिळाली आणि खबर मिळाली, असं मला वाटतं. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. बहिर्जीच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येक आईबापानं भाईंचीही सांगावी.

जपाननं आपली ही विद्या शांततेच्या काळात लिहून ठेवली. लढाया संपल्या, शिनोबींना काम उरलं नाही, तेव्हा म्हाताऱ्यांच्या आठवणी विरून जायच्या आत फुजिबायाशीनं आणि १६८१ साली 'शोनिन्की' लिहिणाऱ्या नातोरीनं ती कागदावर आणली. आता मिए विद्यापीठात २०१७ पासून तिच्या संशोधनाचं केंद्र आहे, आणि २०२० साली तिथून पहिल्यांदा या विषयातली पदव्युत्तर पदवी दिली गेली. ती घेणारा विद्यार्थी शिनोबींसारखं जगून पाहावं म्हणून शेतीही करत होता.

आपल्याकडे ते ज्ञान अजून माणसांच्या पायांत आहे. खांडसवरून भीमाशंकरला चढणारा शिडी घाट आणि त्याच्या जोडीचा गणेश घाट, भिवपुरीकडून आंदर मावळात जाणारा कुसूर घाट, चावणीवर उतरणारा कुरवंडे, आणि यांच्या मधल्या कितीतरी वाटा, ज्यांची नावं फक्त ठाकर आणि कातकरी वाड्यांमध्ये माहीत आहेत. कुठल्या वाटेला उन्हाळ्यात पाणी असतं, कुठून बैल जातो, कुठून फक्त माणूस, कुठल्या टेकावरून खालचा सगळा रस्ता दिसतो. कर्जतच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या मुलांनी एक हिवाळा यासाठी द्यावा. वाड्यांवर जावं, जाणत्या माणसांबरोबर एकेक वाट चालावी आणि त्यांच्या नावासकट, त्यांच्याच बोलीत, वही भरावी.